मेंदूतली गाठ: आधी बायोप्सी की आधी औषध?

एमआरआयच्या रिपोर्टवर कधीकधी दोन नावं शेजारी-शेजारी येतात: ग्लायोमा किंवा ट्यूमेफॅक्टिव्ह डिमायलिनेशन. ग्लायोमा हा मेंदूचा ट्यूमर. डिमायलिनेशन ही सूज आहे. वायरचं प्लास्टिक सोलावं तसं शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं आवरण काढून टाकते आणि ती जागा सुजून गाठीसारखी दिसते, बहुतेक वेळा 2 सेंटिमीटरहून मोठी. मग डॉक्टर घरच्यांना विचारतात, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) करायची की आधी स्टिरॉइड देऊन बघायचं? यवतमाळ-गडचिरोलीकडून पेशंट घेऊन नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीला आलेल्या माणसासाठी हा प्रश्न फारच अवघड असतो.

औषधाची बाजू आधी घेऊ, कारण घरच्यांचा ओढा तिकडेच असतो. मिथाइलप्रेडनिसोलोन रोज साधारण 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस सलाइनमधून देतात, मग लागेल तशा गोळ्या हळूहळू कमी करत जातात. सूज डिमायलिनेशनची असेल तर पुष्कळ पेशंटचा हात-पाय परत चालू लागतो आणि कवटीला हातही लावावा लागत नाही. स्टिरॉइडने भागलं नाही तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याचा उपाय उरतो.

पण इथेच एक मोठा धोका आहे. मेंदूचा लिम्फोमा हा कॅन्सरही स्टिरॉइडने विरघळतो. फिल्म स्वच्छ दिसते, घरी पेढे वाटले जातात आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी गाठ परत येते. मधल्या काळात बायोप्सी केली तर तुकड्यात अनेकदा काहीच सापडत नाही. ग्लायोमातही भोवतालची सूज उतरल्यामुळे पेशंटला तात्पुरतं बरं वाटतं. म्हणून 'औषधाने गाठ कमी झाली, म्हणजे कॅन्सर नव्हता' हा हिशेब चुकीचा आहे.

आपल्याकडे तर पेशंट नागपूरला पोचण्याआधीच गावाजवळच्या दवाखान्यात 'इंज. डेक्सा' दिलेलं असतं. तेही स्टिरॉइडच. पेशंट बेशुद्ध होत असेल, उलट्या थांबत नसतील, तर ते जीव वाचवतं. तिथे नाही म्हणू नका. फक्त कोणत्या तारखेला किती डोस दिला ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि न्यूरोसर्जनला आधी ती चिठ्ठी दाखवा. मनाने एकदम बंदही करू नका.

बायोप्सीत कवटीला बारीक छिद्र पाडून, स्कॅनच्या आधाराने सुई घालून तुकडे काढतात. त्रासदायक रक्तस्राव ढोबळमानाने शंभरातल्या एक ते चार जणांना होतो. जिवाचा धोका त्याहून कमी, पण आहे. कधी तुकड्यातून निदानच होत नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. डिमायलिनेशनमध्येही पेशी दाट दिसतात, काही विभागतानाही दिसतात, त्यामुळे तो तुकडा ग्लायोमा म्हणून वाचला जाऊ शकतो. मग नको असलेलं रेडिएशन मिळतं आणि त्याने हा आजार आणखी बिघडू शकतो. तुकडा लॅबला जाताना फॉर्मवर 'डिमायलिनेशनचा संशय' आणि स्टिरॉइडची माहिती लिहिली आहे का, हे विचारायला संकोचू नका.

फिल्ममध्ये काय बघतात? कॉन्ट्रास्ट (फिल्म स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर गाठीभोवती पांढरं कडं उमटतं. ते पूर्ण नसून एका बाजूने उघडं असेल, आणि ती उघडी बाजू मेंदूच्या वरच्या थराकडे असेल, तर डिमायलिनेशनकडे कल जातो. गाठ मोठी पण भोवतालच्या भागावर दाब कमी, हीही तीच खूण.

रिपोर्टवर ही दोन नावं असली तरी मेंदूत टीबीचीही गाठ होते, आणि ती आपल्या भागात दुर्मीळ नाही. ती ध्यानात ठेवूनच छातीचा फोटो आणि एचआयव्ही तपासणी आधी होते. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, पण मेंदूच्या टीबीत ती किमान 9 ते 12 महिने चालतात आणि सुरुवातीला गाठ वाढलेलीही दिसू शकते. याउलट इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमर, म्हणजे ट्यूमरसारखी दिसणारी सूज, खरंच विरळा. तो बहुधा मेंदूच्या आवरणाला चिकटून असतो, मेनिन्जिओमासारखा (मेंदूच्या आवरणाच्या ट्यूमरसारखा) दिसतो आणि अनेकदा ऑपरेशननंतरच ओळखू येतो.

माझं मत असं. पेशंट तरुण आहे, कडं उघडं आहे, रक्तातल्या अँटिबॉडी किंवा पाठीतल्या पाण्याची तपासणी जुळते, आणि तुम्ही सांगितलेल्या तारखेला परत एमआरआयला येऊ शकता, तर आधी औषध. यातलं काही डळमळीत असेल, विशेषतः लिम्फोमाचा संशय असेल, तर आधी बायोप्सी. औषधाचा मार्ग परत येण्यावर उभा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वावर सोडून नागपूरला येणं जमणार नसेल, तर ते डॉक्टरांना आजच सांगा, त्यावरून त्यांचा सल्ला बदलू शकतो. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) भरतीच्या वेळीच जा. जुन्या एमआरआयची सीडीही सोबत ठेवा, नुसता रिपोर्टचा कागद नको.