आठ महिने, ११ हजार किलोमीटर: टूल बॅगेतलं काय कामाला आलं, काय नुसतं वाहून नेलं

गेल्या जूनमध्ये पुणे–मनाली–लेह आणि श्रीनगरमार्गे परत, मग ऐन पावसात दोनदा कोकण, डिसेंबरात कच्छ. गाडी ३५० सीसीची, एअर कूल्ड, स्पोकची चाकं, दोन्हीकडे ट्यूब टायर. ट्यूबलेसवाल्यांनी माझं निम्मं रडगाणं सोडून दिलं तरी चालेल, बाकीचं त्यांनाही लागू पडेल.

निघायच्या आधी नाना पेठेत, पुण्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, दोन शनिवार घालवले. जो जे सांगेल ते घेतलं. क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर, दोन स्पार्क प्लग, पुढच्या-मागच्या ट्यूब, ब्रेक पॅड, चेन लॉक (चेनची टोकं जोडणारी कडी), क्लच-ब्रेकच्या दोन्ही लिव्हर, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, अर्धा लिटर इंजिन ऑइल, शिवाय ४० नगांची गोटी पान्याची (सॉकेट सेटची) पेटी. सगळं काट्यावर टाकलं तर नऊ किलो चारशे ग्रॅम. आमच्या मिस्त्रींनी बॅग उचलून बघितली आणि म्हणाले, "साहेब, एवढं नेताय तर मलाच न्या की मागे बसवून."

त्यांनी फुकटात दिलेला सल्ला मात्र त्या नऊ किलोंपेक्षा भारी ठरला. म्हणाले, निघायच्या आधी पार्किंगमध्ये मागचं चाक एकदा स्वतः काढून परत बसवा, फक्त याच बॅगेतल्या सामानाने. रविवारी सकाळी बसलो. पहिल्याच नटाला अडलो. ॲक्सलचा नट २४ एमएमचा. पेटीतल्या ४० नगांत २४ ची गोटीच नाही! गाडीसोबत आलेला पाना बसला, पण शेवटच्या सर्व्हिसिंगला नट आवळायच्या गनने असा काही आवळून ठेवला होता की मी पान्यावर उभा राहिलो तरी नट हलेना. शेवटी भंगारवाल्याकडून फूटभर लोखंडी पाइप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला, तेव्हा कुठे नट 'कट्ट' करून सुटला. तो पाइप तेव्हापासून बॅगेत आहे. किंमत ३० रुपये.

दुपारपर्यंत पेटी घरीच ठेवायचं ठरलं. गाडीला लागणारे पाने मोजून सात निघाले, ॲलन की चार. तेवढेच सुटे घेतले आणि जुन्या जीन्सच्या पायाचा टूल रोल शिवून घेतला.

आता खरं काय काय झालं ते.

पहिला दणका मनाली–लेह रस्त्यावर, झिंगझिंगबारच्या पुढे, दुपारी अडीचला. बर्फाच्या पाण्याचे नाले सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारी गुडघ्याला लागतात, हे माहीत असूनही आम्ही केलाँगला पराठे खात बसलो होतो. नाल्यात दगडावरून चाक घसरलं, गाडी डावीकडे आडवी, क्लच लिव्हर मधोमध मोडली. उरलेल्या तुकड्यावर दोन बोटांनी बारालाचा खिंड पार केली आणि सरचूला तंबूसमोर नवी लिव्हर टाकली. पाच मिनिटांचं काम. लिव्हर हलक्या असतात, दोन्ही न्याच. गाडी पडणार नाही असं ज्याला वाटतं त्यानेसुद्धा.

दुसरा, मोरे प्लेन्सवर. दोन्ही बाजूंना नुसती सपाट वाळू, उंची १५ हजार फुटांच्या वर, आणि मागचं चाक बसलेलं. चाक आठ मिनिटांत काढलं, रविवारची पुण्याई. पण टायरची कड रिमवरून सुटता सुटेना. दोघं मिळून पायाने तुडवत होतो आणि दर दहा सेकंदांनी धापा टाकत खाली बसत होतो. मग मित्राने चाक आडवं ठेवलं, त्याच्या गाडीचा साइड स्टँड बरोबर टायरच्या कडेवर टेकवला आणि गाडी हळूच त्या बाजूला कलती केली. कड फटदिशी आत. ही युक्ती लक्षात ठेवा. दुसरी गाडी सोबत असण्याचा याहून मोठा फायदा मला तरी सापडलेला नाही.

नवी ट्यूब टाकली, हवा भरली, आणि ती पण बसली. उघडून बघतो तर माझ्याच टॉमीने (टायर काढा-घालायच्या लोखंडी पट्टीने) चिमटली होती, सापाने दंश करावा तशी शेजारी शेजारी दोन भोकं. घाईत ट्यूबमध्ये थोडी हवा न भरताच टायर चढवत होतो. आधी ट्यूबला आकार येईल एवढी हवा भरली, कडेला साबणाचं पाणी लावलं, शेवटची वीतभर कड हाताने आणि गुडघ्याने दाबत आत घातली, तर टॉमी जेमतेम लागते. तेव्हा मात्र पुढच्या चाकाची ट्यूब मागे घालावी लागली. पुढचं चाक १९ इंची, मागचं १८. थोडी मोठ्या घेराची ट्यूब अडीनडीला छोट्या रिमवर बसते, म्हणून एकच ट्यूब न्यायची असेल तर पुढची न्या. लेहपर्यंत पन्नासच्या वर काटा नेला नाही.

हवा भरायला गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप होता. चांगला आहे, पण गाडी चालू ठेवूनच वापरा. सोबत पायपंपही होता, त्या उंचीवर त्याला हात लावायची इच्छा झाली नाही. पायाने तर मुळीच नाही.

क्लच वायर आख्खा हिमालय टिकली आणि तुटली कुठे, तर चांदवडच्या अलीकडे राहुड घाटात, ट्रकच्या मागे, घर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर असताना. इथे मिस्त्रींची दुसरी युक्ती कामी आली. नवी वायर बॅगेत न ठेवता त्यांनी जुनीच्या शेजारून आधीच ओवून, टाय मारून, दोन्ही टोकांना ग्रीस आणि टेप लावून ठेवली होती. टाकी काढायची गरजच नाही. जुनीची टोकं सोडवली, नवीची अडकवली, लिव्हरचा फ्री प्ले (मोकळी चाल) जुळवला आणि बारा मिनिटांत निघालो.

कोकणात, आंबोली उतरताना, जादाच्या लाइटच्या वायरिंगमध्ये पाणी शिरून फ्यूज उडाला. दहा रुपयांचा फ्यूज नसता तर त्या धुक्यात मित्राच्या मागच्या दिव्याच्या भरवशावर सावंतवाडी गाठावी लागली असती.

पेट्रोलसाठी पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन नेला होता. केलाँगच्या अलीकडे तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्धच आहे. माझी टाकी १३ लिटरची, कागदावर पुरते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना ॲव्हरेज पार कोसळतं. चार लिटर कामी आले. फक्त एक, वर जाता जाता कॅन भोपळ्यासारखा फुगतो. पांगला मी झाकण एकदम उघडलं आणि पेट्रोल जॅकेटवर. गरम इंजिनपासून लांब नेऊन, हळूहळू सैल करत उघडा.

न लागलेल्या गोष्टी: प्लग, ब्रेक पॅड, चेन लॉक, ॲक्सिलेटर वायर. ब्रेक पॅड आता नेत नाही, निघतानाच नवे टाकतो. चेन लॉक मात्र नेणार, तोळाभर वजनाचा असतो आणि चेन तुटली तर दुसरा इलाज नाही. ऑइल द्रासला एका अनोळखी रायडरला दिलं. ऑनलाइन घेतलेला चकचकीत मल्टिटूल आठ महिन्यांत फक्त आंबे कापायला वापरला.

सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट कच्छला निघायच्या आदल्या रात्री कळली. लेहहून आल्यावर नवी घेतलेली स्पेअर ट्यूब सहज म्हणून बादलीत बुडवली, तर बुडबुडे! एकदाही चाकात न गेलेली ट्यूब. दोन कोकणवाऱ्यांत टॉमीच्या टोकाला घासून घासून बॅगेतच भोक पडलं होतं. पंक्चरचं सोल्युशन काढलं, तर एकदा उघडलेली त्याची ट्यूब पार सुकलेली. रात्री साडेदहाला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं शटर वाजवलं. आता ट्यूब टाल्कम पावडर मारून जुन्या बनियनमध्ये गुंडाळून टूलपासून वेगळी ठेवतो, आणि सोल्युशनच्या दोन सीलबंद ट्यूब. हेच पावसाचं. क्रॅश गार्डवरच्या 'वॉटरप्रूफ' बॅगेत पाणी साचून पाने तांबडे झाले होते, तेव्हापासून टूल रोल आधी दुधाच्या जाड पिशवीत, मग बॅगेत.

आता सगळं मिळून पाच किलो दोनशे. न सुटलेला प्रश्न एकच, हेडलाइटच्या बल्बचा. पहिला बल्ब हादऱ्यांनी बॅगेतच गेला, फिलामेंट तुटून. सध्या मोज्यात घालून स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवलाय. डबा आईचा आहे, आणि तिने तो दोनदा परत मागितलाय.