खाडीत पोहायला कधी उतरावं? मे, ऑगस्ट, सप्टेंबर की थेट हिवाळा

नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यात पोहायला सुरुवात करायचीय पण महिना कोणता निवडावा हे ठरत नाहीये, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. महिने उत्तर गोलार्धातल्या थंड-समशीतोष्ण किनाऱ्यांचे धरलेत, दक्षिण गोलार्धात राहत असाल तर सहा महिने पुढे सरकवा. उष्ण प्रदेशाचं गणित वेगळं आहे, ते खाली आहे.

पहिल्यांदाच उतरणार असाल तर सप्टेंबर घ्या. मे घेऊ नका, आणि मी हे अगदी कळकळीने सांगतोय, कारण सगळ्यात जास्त मोह मे महिन्याचाच होतो.

दोन्ही महिन्यांत बाहेर छान २० अंश असू शकतं, ऊन तेच, आकाश तेच, पण पाणी हवेच्या बरंच मागून चालतं. समुद्र सगळ्यात गार फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो आणि सगळ्यात उबदार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्यामुळे मे महिन्यात टीशर्टवर फिरता येतं तेव्हा पाणी ११-१२ अंशावर असू शकतं आणि तशाच हवेत सप्टेंबरला तेच पाणी १६-१७ वर. वाचताना पाच अंश काहीच वाटत नाहीत पण शरीराला फार मोठा फरक पडतो. पाणी १५ अंशाच्या खाली असलं की सवय नसलेल्या माणसाला एकदम उतरल्यावर कोल्ड शॉक बसतो, म्हणजे आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते, हृदयाचे ठोके आणि ब्लड प्रेशर वर जातं. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना ओढला गेला तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. म्हणून सूर मारायचा नाहीच, हळूहळू उतरायचं, आणि धाप लागलीच तर पोहायचा प्रयत्न सोडून पाठीवर तरंगत राहायचं. साधारण एक-दोन मिनिटांत श्वास ताब्यात येतो. त्यातून सावरलात तरी गार पाण्यात पुढच्या दहा-वीस मिनिटांत हातपाय जड पडायला लागतात, बोटं जुळत नाहीत, हात मारण्याची लय तुटते. लोक हायपोथर्मियाला (शरीराचं आतलं तापमान धोकादायक खाली जाण्याला) घाबरतात पण तो त्याच्याही नंतर येतो, बुडणं बहुतेक वेळा आधीच होतं.

मे महिन्याची आणखी एक अडचण खास खाडीची आहे. वर डोंगरात बर्फ वितळत असेल तर नदी ते गार पाणी खाली आणते, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते वरच पसरतं. म्हणजे समुद्राचं तापमान बघून निघालात तर खाडीत त्याहून गार थर नेमका तुमच्या छातीशी असू शकतो. ऑनलाइन दिसणारा आकडा बऱ्याचदा बाहेरच्या समुद्राचा असतो, त्यामुळे साधा तरंगता थर्मामीटर घ्या आणि उतरायच्या जागीच मोजा. उथळ खाडी एका दिवसातही बदलते. उन्हात तापलेल्या चिखलावरून भरती आत आली की पाणी कोमट लागतं, तीच भरती थंडीच्या पहाटे गारठलेल्या चिखलावरून आली की उलटं.

मग जुलै-ऑगस्ट का नको? नको असं नाही, थंडीचा विचार केला तर सगळ्यात सोपे महिने तेच. पण पाणी २० अंशाच्या वर गेलं की मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू वाढतात, आणि त्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस उघड्या जखमेतून गेला तर इन्फेक्शन फार वेगाने पसरतं. लिव्हरचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी उन्हाळ्यातली खाडी टाळलेलीच बरी. बाकीच्यांनीही ताजी जखम, नवा टॅटू असेल तर थांबावं. याशिवाय शैवाल, जेलीफिश आणि बोटींची गर्दी, म्हणून भडक रंगाची टोपी आणि कमरेला बांधायचा टो फ्लोट (मागे तरंगत राहणारा भडक रंगाचा फुगा) हवाच.

सप्टेंबरलाही एक खोट आहे. विषुवदिनाच्या आसपासची उधाणं वर्षातली सगळ्यात मोठी असतात, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे दोन-तीन दिवस सोडून द्या, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते तेव्हा उतरा.

हिवाळा फक्त त्यांच्यासाठी जे सप्टेंबरपासून दर आठवड्याला न चुकता उतरत आलेत, कारण कोल्ड शॉक सवयीने बराच कमी होतो. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान थोडा वेळ घसरतच राहतं, तेव्हा लगेच गरम शॉवर नको, ओले कपडे काढा, कोरडे चढवा, काहीतरी गोड गरम प्या आणि कापरं थांबेपर्यंत गाडी चालवू नका.

महिना कुठलाही निवडा, पाण्यात उतरायचं की नाही हे भरती-ओहोटीच ठरवते आणि माझ्या मते तापमानापेक्षाही आधी हेच बघायला हवं. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी हलतं. साधा पोहणारा ताशी दोन-तीन किलोमीटर जातो, अरुंद खाडीतली ओहोटी त्याहून जोरात असू शकते आणि नदीला पूर असेल तर ती अजून वेगाने आणि जास्त वेळ बाहेर खेचते. भरती पूर्ण व्हायच्या थोडं आधी उतरा आणि पाणी फिरायच्या आत बाहेर या. प्रवाह नेमका कधी फिरतो ते जागेजागेला वेगळं असतं, तिथल्या होडीवाल्यांना ते माहीत असतं, विचारा. सापडलातच तर प्रवाहाच्या उलट झुंजू नका, तिरकं काठाकडे सरका. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून चालत बाहेर यायचा बेत करू नका, पाय रुतला आणि भरती फिरली तर सुटका अवघड होते.

उष्ण प्रदेशात पाणी वर्षभर २४-३० अंशाच्या आसपास, त्यामुळे गारठ्याचा प्रश्न नाही, तिथे कोरडा ऋतू आणि पावसाळा एवढीच तुलना आणि उत्तर सरळ आहे, कोरडा ऋतू. पावसाळ्यात पूर, वाहून येणारे ओंडके, गढूळपणा, सांडपाणी आणि लेप्टोस्पायरोसिस सगळं एकदम येतं. मुसळधार पावसानंतर निदान दोन दिवस थांबायचं हा नियम तर थंड प्रदेशातही पाळा. आणि फार उबदार पाणी लांब पोहायला सुरक्षित असतं असंही नाही, घामाने शरीर गार होत नाही. २०१० साली संयुक्त अरब अमिरातीतल्या शर्यतीत अमेरिकेचा जलतरणपटू फ्रॅन क्रिपेन खूप गरम पाण्यात पोहताना मरण पावला, त्यानंतर ओपन वॉटर (समुद्र-तलावासारख्या खुल्या पाण्यातल्या) शर्यतींना ३१ अंशांची वरची मर्यादा आली. पाणी ३० च्या पुढे असेल तर पहाटे पोहा, अंतर कमी ठेवा, आणि काठावर तुमच्याकडे लक्ष ठेवणारं कोणीतरी असू द्या.