लेहच्या थंडीत जीपचं हीटिंग: पाच महिन्यांच्या वापरानंतर

नोव्हेंबर ते मार्च कामानिमित्त लेहला होतो, सोबत माझी जुनी, कापडी हूडची डिझेल जीप. पुण्यात या गाडीचा हीटर कधी लावायची वेळच आली नव्हती. लेहमध्ये डिसेंबरात पहाटे पारा उणे १५ च्या आसपास, आणि श्वासाची वाफ समोरच्या काचेला आतून चिकटून गोठायची. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याने काच खरवडायची. पहिले दोन आठवडे असेच काढले.

डिझेल हीटर, म्हणजे इंजिन बंद असतानाही डिझेल जाळून गरम हवा देणारा वेगळा हीटर, मागवायच्या बेतात होतो, पण तिथल्या मिस्त्रींनी आधी बोनेट उघडायला लावलं. गाडी सुरू करून दोनच मिनिटं झाली होती आणि रेडिएटरचा वरचा पाइप हाताला कोमट लागत होता. इंजिन तापेपर्यंत तो गारच राहायला हवा. म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता. ८२ अंशांचा नवा बसवला. मग त्यांनी हीटरचे दोन्ही पाइप चाचपायला सांगितले: आत जाणारा चटका देणारा, परत येणारा जेमतेम कोमट. हीटर कोर, म्हणजे केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर, तुंबलेला. उलट्या बाजूने पाणी सोडलं तर काळ्या चहासारखा गंजाचा गाळ निघाला. त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, ते उणे ३५ पर्यंत गोठत नाही. एवढ्यावरच पायांना पहिल्यांदा ऊब लागली.

पुढचा फरक पडला फटी बुजवल्याने. पेडलच्या भोकांतून आणि गिअरच्या बुडातून इतकं वारं येत होतं की हीटरची सगळी मेहनत वाया. रबर बीडिंग बदललं, फ्लोअरवर जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाजम, अंथरला. गार हवा अडवायला रेडिएटरपुढे अर्धा पुठ्ठाही लावला, पण खारदुंग ला ही खिंड चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला की तो काढावाच लागतो.

डिझेल हीटर घेतला तो यानंतर, २ किलोवॉटचा. निघण्याआधी वीस मिनिटं लावला की काच आपोआप मोकळी होते. त्या सुखाला तोड नाही. पण ३५०० मीटरवर हवा विरळ, डिझेल तेवढंच पडतं, त्यामुळे काजळी धरते. जानेवारीत एका सकाळी नुसता काळा धूर, पेटेचना. बर्नर उघडला तर आतली जाळी काजळीने बंद झालेली. तेव्हापासून हीटरला डिझेल देणाऱ्या पंपाचा वेग कमी केलाय आणि बंद करण्याआधी पंधरा मिनिटं फुल्लवर चालवतो. मंद आचेवर तासन् तास ठेवला की तो हमखास तुंबतो. बंद करताना बॅटरीचा स्विच थेट पाडू नका, पंख्याला आतली उष्णता बाहेर टाकू द्या. टाकीत विंटर ग्रेड, म्हणजे कडक थंडीतही न गोठणारं डिझेलच भरायचो. २०१९ पासून लडाखमध्ये ते मिळतं आणि उणे ३३ पर्यंत चालतं.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातल्या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म. हे कळकळीने सांगतोय. एका रात्री गाडी भिंतीला लागून उभी होती, वारं उलटं फिरलं आणि हीटरचा धूर फ्लोअरखाली साचला. मला कसलाच वास आला नव्हता, अलार्म वाजला म्हणून दार उघडलं. आता धुराचा पाइप पार बाजूच्या कडेबाहेर काढलाय, आणि हीटर चालू ठेवून गाडीत झोपत नाही.

मागच्या सीटवर मात्र पाय अजून गारठतात. गरम हवेचा एक पाइप सीटखालून मागे न्यायचाय, ते काम पुढच्या नोव्हेंबरच्या आत.