शनिवारवाड्याभोवतीची ‘भूतशोध’ फेरी : गोष्ट झकास, यंत्रं बिचारी

माणशी 500 रुपये, रात्री साडेनऊला लाल महालापाशी जमायचं, दोनेक तासांचा कार्यक्रम. भाचीनं नाव नोंदवलं म्हणून गेले. आमचा घरचा धंदा वायरिंगचा, पेठांतल्या जुन्या वाड्यांची कामं पुष्कळ केलेली. तेव्हा हे परीक्षण त्या अंगानं जाणार.

आयोजक म्हणजे दिवसा नोकऱ्या करणारी हौशी पोरं. जाहिरातीत ‘शनिवारवाड्याचा तपास’ असं ठसठशीत लिहिलंय, पण वाडा संध्याकाळीच बंद होतो. त्यामुळे सगळा तपास तटाबाहेरून, फुटपाथवरून. हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं.

गोष्ट सांगणारा मुलगा मात्र पैसे वसूल! दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून त्यानं 1730 साली पहिल्या बाजीरावानं केलेल्या पायाभरणीपासून सुरुवात केली आणि नारायणराव पेशव्याच्या खुनापर्यंत आला. गारद्यांचा म्हणजे वाड्यावरच्या पगारी शिपायांचा थकलेला पगार, पुढे त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग, रघुनाथरावाकडे धावत गेलेला अठरा वर्षांचा पोर. ‘काका, मला वाचवा’ त्यानं अजिबात न ओरडता, हळू आवाजात म्हटलं, तेव्हा सगळे गप्प. नारायण दरवाज्यापाशी त्यानं रामशास्त्र्यांच्या निकालापर्यंत गोष्ट नेली. बाकीचे लोक किंकाळीवरच थांबतात.

मी एक विचारलं. खून झाला 30 ऑगस्ट 1773 ला, भरदुपारी. मग त्याच्या किंकाळ्या पौर्णिमेच्या मध्यरात्री ऐकू येतात असं का सांगतात? तो हसला आणि म्हणाला, ‘काकू, दुपारी फेरीला कोण येणार?’ या उत्तराला माझ्याकडून एक तारा जास्त.

आता यंत्रं. के-टू मीटर म्हणजे पाच दिव्यांची डबी. जवळपास बदलतं चुंबकीय क्षेत्र असलं की दिवे चढत जातात. हा मीटर एकाच दिशेनं मोजतो, त्यामुळे जागचं न हलता नुसतं मनगट वळवलं तरी दिवे बदलतात. पोरांनी तो फिरवला, दिवे लागले, मंडळी शहारली. शेजारी फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेची विजेची पेटी, उभा, फुटपाथखालून केबल गेलेली, आणि मीटर धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात चालू मोबाइल! मी म्हटलं, ‘अरे बाळा, सगळ्यांचे फोन बंद करा, आधी लांब जाऊन एक साधं रीडिंग घ्या, मग इथलं घ्या.’ तर म्हणे, ‘मग दिवे लागणारच नाहीत.’

लेझरवाला थर्मामीटरही होता. तो हवेचं नाही, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. दिवसभर उन्हात तापलेला दगड आणि दरवाज्याचं लाकूड सारख्या वेगानं निवत नाहीत. दोन्हींवर लाल ठिपका फिरवला की आकडा बदलणारच. त्याला ‘आत्म्याचा गारवा’ म्हणाले.

‘स्पिरिट बॉक्स’ ऐकून मात्र मला हसू आवरेना. तो रेडिओच, फक्त एका स्टेशनवर न थांबता पुढे पुढे सरकत राहतो. मधेच ‘आइए’ ऐकू आलं आणि दोघीतिघींनी एकमेकींचे हात धरले. पेशवे हिंदीत बोलावतायत, तेही पाठीमागे तबला वाजत असताना!

मला भुतांची टिंगल करायची नाहीये. ब्रिटनमध्ये व्हिक टँडी नावाच्या अभियंत्याला प्रयोगशाळेत नजरेच्या कडेला राखाडी आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. त्यानं शोधाशोध केली तर नव्या पंख्यानं सुमारे 19 हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज होत होता. पंख्याचं बसवणं बदललं, आकृती गेली. 1998 साली त्यानं ते लिहून प्रसिद्ध केलं. याला तपास म्हणतात. इथं कुणीही काहीही बंद करून पाहिलं नाही, साधी वही नव्हती.

शिवाय 1828 च्या आगीत आतले महाल जळून गेले, उरले ते जोते आणि तट. ज्या दालनात खून झाला ते दालनच नाही, आणि आपण दीडशे पावलांवर रस्त्याकडून मीटर दाखवतोय.

तारे : गोष्टीला पाच, यंत्रांना एक. दहावीच्या पुढची मुलं असतील तर जरूर न्या, घरी येताना छान वाद होतो. शेवटी 150 रुपये जास्त घेऊन ‘पुराव्याचं रेकॉर्डिंग’ देतात, ते घेऊ नका. गाडी मंडईच्या बाजूला लावा आणि चालत या, शिवाजी रस्त्यावर जागा मिळत नाही.