बालेवाडीतलं एफ-वन स्क्रीनिंग: स्क्रीन मोठी, आवाज बंद

फॉर्म्युला वन, म्हणजे एफ-वनच्या कार रेस मोठ्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या ह्या पबचं नाव लिहीत नाहीये हे आधीच सांगतो. बालेवाडी हाय स्ट्रीटच्या आसपास कुठंतरी आहे एवढं पुरे, कारण मॅनेजर माणूस चांगला आहे आणि मला तिथं परत जायचंय. आत्तापर्यंत दोनदा गेलो, एकदा जूनमध्ये, एकदा डिसेंबरमध्ये, आणि दोन्ही वेळा इतका वेगळा अनुभव आला की एकच रेटिंग देणं अवघडे. तरी द्यायचंच तर पाचात तीन. त्यातला एक चीज चिली टोस्टचा.

पहिली खेप १ जून २०२५, स्पॅनिश ग्रांप्री (एफ-वनच्या एकेका रेसला ग्रांप्री म्हणतात). युरोपातली रेस म्हणजे आपल्याकडं बहुतेक वेळा रविवारी संध्याकाळी साडेसहा, याच्याइतकी सोयीची वेळ दुसऱ्या कुठल्या खेळाची नाही, दुपारची झोप होते, चहा होतो, आणि सव्वाआठला माणूस जेवायला मोकळा. पाऊस त्या वर्षी मेमध्येच आला होता त्यामुळं कोथरूडवरून चांदणी चौक, हायवे करत पोचेपर्यंत निम्मा भिजलेलो. बरोबर भाची. ती इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये, रात्री दोन-दोनपर्यंत वर्कशॉपमध्ये चेसिस वेल्ड करत बसतात आणि वर्षभर कोइम्बतूरच्या स्पर्धेची तयारी चालू असते. मॅक्लारेन टीमच्या नॉरिसची फॅन. मी शूमाकरच्या काळातला, फेरारीवाला, म्हणजे फेरारीच्या किमी रायकोनेननं २००७ ला टायटल घेतलं त्यानंतर दर वर्षी 'पुढच्या सीझनला बघाच' म्हणणारा.

सजावट बघून आधी खूशच झालो. भिंतीवर जुना चॅम्पियन आयर्टन सेना ह्याचं पिवळं हेल्मेट रंगवलेलं, चेकर्ड फ्लॅग, एका कोपऱ्यात खरं स्लिक टायर आणि त्यावर काच ठेवून केलेलं टेबल. नारायण कार्तिकेयन मात्र कुठंच नाही. भाचीला म्हटलं, बघ, आपला पहिला एफ-वन ड्रायव्हर, २००५ ला इंडियानापोलिसला चौथा आला होता. ती म्हणे, 'मामा, त्या रेसमध्ये सहाच गाड्या होत्या.' होत्या सहाच, मिशेलिन टायरवाल्या सगळ्या टीम रेसच्या आधीची फॉर्मेशन लॅप मारून पिटमध्ये, म्हणजे गॅरेजकडं, परत गेल्या होत्या, कबूल. पण पॉइंट पाच मिळाले ते मिळालेच की, सेनाच्या शेजारी एक छोटा फोटो लावायला काय जातंय.

बसलो. स्क्रीन दणदणीत, पिक्चर स्वच्छ. आवाज शून्य. म्हणजे रेसचा शून्य, बाकी डीजेचं पंजाबी गाणं जोरात चालू. वेटरला म्हटलं दादा, कॉमेंट्री लावा की. तो म्हणाला सर, सातपर्यंत म्युझिकच असतं. सातला काय? तर सातला मॅच. त्या दिवशी आयपीएलची क्वालिफायर होती अहमदाबादला, मुंबई विरुद्ध पंजाब. टॉस झाला तशी ह्यांनी मोठी स्क्रीन मॅचला दिली आणि आमची रेस वॉशरूमच्या पॅसेजमधल्या ३२ इंची टीव्हीवर हलवली. आम्ही सात-आठ जणं खुर्च्या उचलून तिकडं, लोक आमच्यामधून वाट काढत आत-बाहेर करतायत, प्रत्येक जण सॉरी बॉस सॉरी बॉस. इथपर्यंतही ठीक, हा क्रिकेटचा देश आहे, आपण कोण बोलणार. पण अहमदाबादला पाऊस आला! दोन तासांवर मॅच लांबली. म्हणजे १२ फुटी स्क्रीनवर कव्हर घातलेलं ग्राउंड, त्याच्याकडं शंभर-दीडशे लोक बघतायत, आणि सीझनमधली सगळ्यात गाजलेली दहा मिनिटं पॅसेजमध्ये, मुकी.

गाजलेली का ते सांगतो, कारण माझी मुख्य तक्रार त्यातच आहे. रेड बुल टीमनं मॅक्स व्हर्स्टापनला तीन स्टॉपवर, म्हणजे तीनदा टायर बदलायच्या प्लॅनवर, टाकलं होतं, मॅक्लारेनला सरळ पेसवर हरवता येत नाही तर निदान स्ट्रॅटेजीनं छळू, असा एकंदर प्रकार. ५५ व्या लॅपच्या सुमाराला अँटोनेलीचं इंजिन गेलं, सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आली, सगळे टायर बदलायला आत. बाकीच्यांकडं जास्त पकडीचे सॉफ्ट टायर शिल्लक होते, मॅक्सकडं नवा सेट राहिला होता तो फक्त हार्डचा. थंड हार्ड टायरवर रीस्टार्ट म्हणजे पावसात गुळगुळीत टायरची ॲक्टिव्हा. शेवटच्या कॉर्नरला गाडी सटकली, लक्लेर पुढं गेला, पहिल्या कॉर्नरला रसेल आत घुसला, मॅक्स बाहेरून जाऊन परत ट्रॅकवर आला तो रसेलच्या पुढंच. मग टीमनं रेडिओवर सांगितलं की जागा परत दे. तो भडकला, पाचव्या कॉर्नरला स्लो झाला, रसेल शेजारी आला तसं परत ॲक्सिलरेटर दाबून त्याला धडकला.

आता हे सगळं मी घरी जाऊन हायलाइट्स ऐकल्यावर सांगतोय. तिथं आवाजच नाही त्यामुळं आम्हाला दिसलं एवढंच की मॅक्स स्लो झाला. शेजारचा म्हणतो इंजिन गेलं, दुसरा म्हणतो पंक्चर, आणि धडक झाल्यावर पॅसेजमध्ये टाळ्या! हात धुऊन बाहेर पडलेल्या एका काकांनीपण वाजवल्या. लोक म्हणतात गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय. मुक्या टीव्हीवर बघितलं तर खरंच गोलच फिरतात हो. कोण चिडलंय, कोणाचे टायर संपलेत, कोण मुद्दाम खोटं बोलतंय, ही सगळी रेस कानानं कळते.

मी ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाला गेलो होतो, भारतातली पहिली ग्रांप्री, वेट्टेल जिंकला (पुढच्या दोन्ही वर्षी तोच जिंकला, आणि तीन रेसमध्ये आपलं प्रकरण आटोपलं, टॅक्सवाल्यांनी एफ-वनला मनोरंजन धरलं, जाऊदे, त्यावर बोलायला बसलो तर बिल येईल). तेव्हाच्या व्ही-८ गाड्या १८,००० आरपीएमला ओरडायच्या, कानात बोळे घालूनसुद्धा फासळ्या हलायच्या. २०१४ पासून हायब्रिड आले आणि तो आवाज गेला. आमच्या पिढीतले अजून त्यावर रडतात, मीपण रडायचो. आता वाटतं, इंजिनाच्या बदल्यात रेडिओ मिळालाय तर तो तरी ऐकू द्या.

मॅक्सबद्दल माझं मत कोणालाच पटत नाही. आत्ता ग्रिडवर त्याच्याइतकी गाडी कोणाला चालवता येत नाही, आणि त्या दिवशी त्यानं केलं ते घाण होतं, दोन्ही खरं. त्याच्या फॅन लोकांना दुसरं ऐकवत नाही आणि हॅमिल्टनवाल्यांना पहिलं. २०२१ च्या अबू धाबीवरून, जिथं मॅक्सनं शेवटच्या लॅपला हॅमिल्टनला मागं टाकून टायटल घेतलं, अजून पुण्यातल्या पुण्यात मैत्र्या तुटतात, रेस डायरेक्टर मासीनं नियम वाकवला यात मला शंका नाही, पण त्या लॅपला ओव्हरटेक करणाऱ्यानं काय करायचं होतं, हात जोडून मागं बसायचं?

असो. बिल आलं त्यात सर्व्हिस चार्ज लावलेला. मी मॅनेजरला शांतपणे म्हटलं, पोस्टरवर बिग स्क्रीन लिहिलंयत, आम्ही वॉशरूमच्या दारात बसलो. त्यानं वाद न घालता चार्ज काढला, वर नंबर घेऊन म्हणाला सर, क्रिकेट नसेल त्या दिवशी मी स्वतः फोन करतो. आला नाही फोन अर्थात. सहा महिने.

मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला! रविवारी, ७ तारखेला, अबू धाबीची फिनाले, नॉरिस, मॅक्स, पियास्त्री तिघंही टायटलच्या शर्यतीत. कव्हर ५९९, सगळं खाण्यापिण्यात वळतं. मला गाडी चालवायची होती म्हणून फ्रेश लाइम सोडा, तो मात्र १९० चा, बर्फासकट. ह्या वेळी मोठी स्क्रीन, आणि आवाज! कॉमेंट्री, रेडिओ, सगळं. केशरी टी-शर्टवाली पोरंपोरी निम्म्याहून जास्त, बरीचशी एफ-वनवरची सिरीज बघून आलेली. आमच्या वयाचे त्यांना नाकं मुरडतात ते मला पटत नाही, मी तरी कुठं जन्मतः अंडरकट (आधी टायर बदलून पुढच्याला गाठायची युक्ती) शिकून आलो होतो. मॅक्सचा टीममेट सुनोदानं नॉरिसला अडवायला गाडी डावी-उजवी केली आणि नॉरिस ट्रॅकबाहेरून पुढं गेला तेव्हा चौकशी लागल्याचं ऐकू आलं, आणि सगळा पब चिडीचूप. भाचीनं माझं मनगट धरून ठेवलेलं. पेनल्टी सुनोदाला लागली, पाच सेकंद, तेव्हा जो आवाज झाला त्यात माझा सोडा सांडला.

रेस मॅक्स जिंकला, नॉरिस तिसरा, टायटल नॉरिसला. ४२३ विरुद्ध मॅक्सचे ४२१. दोन पॉइंट! भाचीनं लगेच टिश्यूवर गणित मांडलं: जूनमध्ये मॅक्स फिनिश लाइनवर पाचवा होता, म्हणजे दहा पॉइंट. दहा सेकंदांची पेनल्टी लागून दहावा झाला, एक पॉइंट. नऊ गेले तिथंच. म्हणजे टायटल ज्या धडकेत गेलं ती आम्ही वॉशरूमच्या पॅसेजमध्ये, आवाज बंद करून, टाळ्या वाजवत बघितली होती. मॅनेजरला बोलावून दाखवलं, तो बिचारा म्हणाला सर, एक डेझर्ट देऊ का. ब्राउनी होती. कोरडी.

जाणार असाल तर आधी फोन करून क्रिकेट आहे का आणि आवाज असणार का हे दोन्ही विचारा, नुसतं 'स्क्रीनिंग आहे का' विचारलंत तर हो म्हणतील. टेबल खांबाच्या डावीकडचं मागा, उजवीकडून लॅप काउंट दिसत नाही. नाचोज मागवू नका. व्हॅले पार्किंग आहे पण निघताना पाऊण तास लागला. टू-व्हीलर आणाल तर पलीकडच्या गल्लीत लावा.

२०२६ चा नवा सीझन ८ मार्चला, मेलबर्न, आपल्याकडं सकाळी साडेनऊ. विचारून ठेवलं होतं उघडणार का म्हणून. मॅनेजर हसला, 'सर, बारापर्यंत तर आमचे कुक येत नाहीत.' तेव्हा ती रेस आमच्याकडं. टीव्ही ४३ इंचीच आहे, पण रिमोट माझ्याकडं असतो. भाची मिसळ आणणारे, पाव तेवढा मलाच आणायला सांगितलाय.