'तैवान' म्हणून पपईची रोपं घेतली आणि बागेत नर निघाले (नर्सरी २ स्टार, पाकीटबंद बियाणं ४ स्टार)

आधीच सांगते, नर्सरीचं नाव लिहिणार नाहीये, कारण एक तर गाव लहान आहे आणि दुसरं म्हणजे हा प्रकार एकट्या त्यांच्याकडेच होतो असं मला अजिबात वाटत नाही. पण पपई लावायच्या विचारात असाल तर पूर्ण वाचा, रोपाचे पैसे जातात ते जातातच पण वर्ष जातं ते जास्त लागतं.

तर झालं असं. सासरी विहिरीजवळ आठ-दहा गुंठ्यांचा तुकडा मोकळा होता, आबांना (सासरे) तिथे पपई करायची होती, आणि पपई म्हटलं की आमच्या भागात सगळे एकच बोलतात, तैवान लावा, ७८६ लावा. म्हणजे ती रेड लेडी, तैवानची हायब्रीड, लाल गर, दीड-दोन किलोचं फळ, गाडीत टिकतं आणि मुख्य म्हणजे त्यात नर झाड निघत नाही. बियाणं सोन्याच्या भावात मिळतं म्हणून आबा म्हणाले, आपण कुठे बी टाकत बसायचं, तयार रोपं आणू. मग नवऱ्याने गाडी काढली आणि ६० रोपं आणली, १८ रुपयाला एक. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर 'पपई ७८६ - ६० नग' एवढं लिहून दिलं. लॉट नंबर नाही, काही नाही. तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, पण आपण रोपं बघतो, कागद कोण बघतो.

चांगलं ते पण सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती रडतीये. रोपं एक नंबर होती. कोकोपीटच्या ट्रेमधली, बोटाएवढी जाड, मुळं पांढरी शुभ्र, मर झाली ती फक्त सहा. माणूस बोलायला गोड, चहा पाजला, ड्रिपची नळी बुंध्यापासून किती लांब ठेवायची ते स्वतः उठून दाखवलं. दोन स्टार आहेत ते ह्याचेच.

फेब्रुवारीच्या शेवटी लावली, जूनमध्ये कळ्या दिसायला लागल्या. मी बारावीला बायो शिकवते, त्यामुळे रविवारी शेतावर गेलं की माझा कार्यक्रम ठरलेला, प्रत्येक झाडाच्या बगलेत डोकं घालून बघायचं. पपईचं फूल ओळखायला सोपं असतं. मादीचं फूल मोठं, पोट फुगलेलं, खोडाला चिकटून, बहुतेक एकटंच. उभयलिंगी असेल तर जरा लांबट, पाकळ्या खाली जुळलेल्या, आत पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही, आणि व्यापाऱ्याला हवं असतं ते लांबट फळ ह्याच झाडाचं, मादीचं फळ गोलसर होतं. आणि नर असेल तर बघायलाच नको, हातभर लांब देठ आणि त्याला बारीक बारीक फुलांचे झुपके, लग्नात मांडवाला सोडतात ना तसे लोंबत असतात.

तिसऱ्या ओळीत पहिला मांडव दिसला. मग चौथ्या ओळीत दोन. मी वही काढली आणि मोजलंच, ५४ झाडांत १६ नर, २१ मादी, १७ उभयलिंगी.

नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, हवामानामुळे होतं, यंदा ऊन किती होतं बघा ना, ऊन जास्त झालं की नर निघतात."

आता इथे थांबून सांगावंच लागेल, कारण हे वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलेलं जास्त घातक. उष्णतेने उभयलिंगी झाडाची फुलं बिघडतात हे बरोबर आहे. भर उन्हाळ्यात त्यातलं अंडाशय नीट वाढत नाही, फूल नरासारखं वागतं आणि गळून जातं, त्या टप्प्यात खोडावर फळांची जागा रिकामी दिसते. थंडीत उलटं, पुंकेसर अंडाशयाला चिकटून वाढतात आणि फळं वेडीवाकडी, चिरा पडल्यासारखी होतात. जीन तेच, झाड तेच, पण कधी किती काम करायचं ते हवा बघून बदलतं. पण म्हणून उभयलिंगी झाडाला हातभर देठाचे मांडव फुटत नाहीत! ते झाड जन्मालाच नर आलेलं असतं.

कारण पपईत लिंग ठरतं ते माणसासारखंच एक्स-वाय क्रोमोसोमवर, फक्त वाय दोन प्रकारचे. मादी म्हणजे एक्स-एक्स. नर म्हणजे एक्स आणि साधा वाय. उभयलिंगी म्हणजे एक्स आणि दुसऱ्या जातीचा वाय, त्याला वाय-एच म्हणतात. आणि एक कडक नियम, कुठलेही दोन वाय एकत्र आले की तो गर्भ बियातच मरतो. आता उभयलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागाने फळ झालं आणि त्याचं बी धरलं तर चार शक्यता येतात, त्यातली एक मरते, उरतात दोन उभयलिंगी आणि एक मादी. मेंडेलच्या वाटाण्याच्या प्रयोगातलं तीनास एक पोरांना पाठ असतं, हे दोनास एक बघितलं की वर्गात हमखास कोणीतरी विचारतं मॅडम गणित चुकलं का.

पण ह्यात नर कुठे आहे? नाहीच. साधा वाय आईबापांपैकी कोणाकडेच नाही तर पोरात येणार कुठून. तो फक्त नर झाडाच्या परागातून येतो. म्हणजे माझ्या बागेत १६ नर आहेत ह्याचा सरळ अर्थ, ज्या फळाचं बी काढलं त्या फळाचा बाप बाहेरचा नर होता. आणि उभयलिंगी आई गुणिले नर बाप हे गणित मांडलं तर एक मरतो आणि उरलेले तीन प्रकार सारखे सारखे येतात, एकास एक एक. माझे आकडे परत बघा, १६, २१, १७. आता दोन-तीन वेगवेगळ्या फळांचं बी एकत्र मिसळलं असेल हेही शक्य आहे, मी काही कोर्टात उभी नाहीये, पण पाकिटातल्या हायब्रीड बियाण्याची ही रोपं नव्हती एवढं नक्की. बाजारातून तैवानची पपई आणायची नाहीतर नर्सरीतच दोन झाडं ठेवायची, त्याचं बी धुवून राखेत वाळवायचं आणि ट्रेमध्ये टाकायचं, झाली ७८६ तयार.

आबांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, खिळा ठोकून बघू. नर झाडाला खिळा ठोकला की मादी होतं म्हणे. ठोकला पण. खिळा आहे अजून. गंमत म्हणजे नर झाडाला कधी कधी मोसम बदलला की त्या लांब देठावर लिंबाएवढी-पेरूएवढी फळं लटकतात, त्यामुळे ज्याने ठोकला त्याला वाटतं खिळ्याने केलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही नर्सरीत गेलो, भांडायला नाही, बोलायला. शेडनेटच्या मागे त्यांची चार-पाच तैवानची झाडं, फळांनी लगडलेली, आणि त्यांच्यापासून वीसेक पावलांवर बांधाला एक जुनं उंच गावठी झाड, पूर्ण नर, झुपकेच्या झुपके लोंबतायत. मी काही बोलले नाही, नुसतं त्या झाडाकडे बोट केलं. तो म्हणाला, "ते होय, ते आजोबांच्या वेळचं आहे." बापाची ओळख अशी पटेल असं वाटलं नव्हतं.

खरा पंच मात्र डिसेंबरात बसला. पहिलं फळ झाडावर पिकलं, आबांनी मोठ्या कौतुकाने कापलं आणि आत पिवळं धमक. दुसऱ्या झाडाचं कापलं, पिवळं. तिसरं लाल. चवीला वाईट होतं असं नाही, पण व्यापारी लाल गराचा भाव ठरवून आला होता, त्याने दोन फळं कापून बघितली आणि क्रेट परत गाडीत टाकले. इथेही जीनच. पपईत पिवळा गर वरचढ आणि लाल दबणारा. लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच. पिवळ्या पपईत एक एन्झाईम त्या लायकोपीनचं पुढे बीटा कॅरोटीन करून टाकतं, लाल पपईत त्या एन्झाईमचा जीन मोडका असतो म्हणून लायकोपीन तसंच साठून राहतं. म्हणजे आपण ज्याला भारी म्हणतो तो लाल रंग म्हणजे एक बिघाड आहे, आणि तो दिसायला आई आणि बाप दोघांकडून मोडकीच प्रत यावी लागते. लाल गुणिले लाल कधी पिवळं देत नाही. पिवळं निघालं म्हणजे बापाने चालू प्रत दिली. बांधावरच्या त्या आजोबांनीच दिली असणार.

म्हणजे नर झाडं आणि पिवळा गर, दोन्ही साक्षीदार वेगवेगळे आणि बोट एकाच दिशेला. परत फोन केला तर "मॅडम पुढच्या वेळी वीस रोपं फ्री देतो" म्हणाला. त्याला बहुतेक वाटतं की तो उदार आहे.

नर आधीच ओळखता येत नाहीत का असं बऱ्याच जणांनी विचारलं. रोप बघून, मूळ बघून, बी काळं की पांढरट बघून, कशानेच नाही. लॅबमध्ये पानाच्या तुकड्यावरून पीसीआर (डीएनएची तपासणी) करून कळतं, पण १८ रुपयाच्या रोपाला ते कोण करणार. म्हणून ज्या जातींत नर-मादी वेगळे असतात, आपल्याकडची जुनी वॉशिंग्टन घ्या, तिथे माणसं पहिल्यापासून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची आणि फूल आलं की नर उपटायचे, परागासाठी थोडेच ठेवायचे. ती पद्धत प्रामाणिक आहे, कारण तिथे तुम्हाला माहिती असतं की नर येणार. इथे मी एका खड्ड्यात एकच रोप लावलं, नर उपटला की खड्डा रिकामा, ड्रिप आणि खत मात्र त्याने जूनपर्यंत खाल्लेलं.

आता पाकिटाचा रिव्ह्यू. ह्या वेळी कृषी सेवा केंद्रातून सीलबंद पाकीट, पक्कं बिल, त्यावर लॉट नंबर. महाग वाटतं, पण तुम्ही पैसे देताय ते दोन ठरावीक आईबापांच्या लग्नाचे, जिथे तिसरा कोणी घुसत नाही. शेजाऱ्याने आणि आम्ही पाकीट अर्धं अर्धं केलं. आबांनी ६० बिया ट्रेमध्ये टाकल्या, ५१ उगवल्या, ४८ शेतात गेली. उगवण एकसारखी नव्हती, काही दहा-बारा दिवसांत, काही तीन आठवडे बसून राहिल्या, एक स्टार त्यासाठी कापलाय. फुलं आली तेव्हा वही घेऊन गेले, २५ मादी, २३ उभयलिंगी, नर शून्य. उंचीसुद्धा सगळ्यांची जवळपास सारखी, आधीच्या बागेत एक गुडघ्याएवढं आणि शेजारचं डोक्याएवढं अशी जत्रा होती.

ह्या बागेचं बी धरू का असं आबांनी परवाच विचारलं! उभयलिंगी झाडाच्या फुलाला कळीतच कागदी पिशवी बांधली तर नर येणार नाहीत आणि गरही लालच राहील, पण हायब्रीडचा जोर आणि एकसारखेपणा पुढच्या पिढीत विस्कटतो. घरच्या चार झाडांना चालेल, विकायला नाही.

आणि व्हायरस. तो ह्या झाडांवरही येतोच, पाकिटाला दोष देऊन उपयोग नाही. रिंगस्पॉट, मावा एका झाडावरून उठून दुसऱ्यावर बसला की काम झालं, पानं दोऱ्यासारखी बारीक, फळावर गोल गोल कडी. आबा म्हणाले, एवढं शोधतात तर व्हायरस न येणारं झाड का काढत नाहीत. काढलंय ना. हवाईत ह्याच रोगाने बागा बसल्या होत्या, तेव्हा डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या टीमने व्हायरसच्याच बाहेरच्या आवरणाचा जीन पपईत घातला आणि १९९८ मध्ये ते बियाणं शेतकऱ्यांच्या हातात गेलं. झाड त्या परक्या जीनचा आरएनए (जीनची कामापुरती नक्कल) ओळखून कापून टाकायला शिकतं, मग खरा व्हायरस आला की त्याचाही आरएनए त्याच सुरीखाली. त्यातल्याच सनअप ह्या जातीचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, २००८ मध्ये वाचून झाला, नऊ जोड्या क्रोमोसोम, पपईचा पहिलाच. पण ती सुरी नेमकी हवाईच्या व्हायरसच्या मापाची आहे, दुसऱ्या देशातला जरा वेगळा व्हायरस आला की ती फारशी चालत नाही, आणि आपल्याकडे तसं बियाणं विकायला परवानगीही नाही, शेतकऱ्याच्या हातात जीएम (असा बाहेरून जीन घातलेलं पीक) म्हणून आहे तो बीटी कापूस. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कडेने मक्याच्या दोन ओळी लावल्या, मावा आधी तिथे बसावा म्हणून.

तर रोपं घ्यायची असतील तर बियाण्याचं फोडलेलं पाकीट आणि त्याचं बिल दाखवायला सांगा, लॉट नंबरचा फोटो काढा, आणि चहा पिता पिता नर्सरीच्या मागे एक चक्कर मारा, कुठे मांडव लोंबतोय का बघा. जुन्या बागेतल्या १६ नरांतले १५ काढले, एक ठेवलाय, खिळावाला. आबा तोडू देत नाहीत.