नवोदित डॉक्टरांसाठी समाजमाध्यम कार्यशाळा: फोनचा भाग उत्तम, कायद्याचा कच्चा

वाशीतील एका खासगी प्रशिक्षण संस्थेने इंटर्न व निवासी डॉक्टरांसाठी घेतलेल्या अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेला मी आमच्या इंटर्नसोबत उपस्थित होते. पूर्वार्ध अपेक्षेपेक्षा सरस ठरला. प्रशिक्षकांनी उपदेश न करता प्रत्येकाला स्वतःच्या फोनची गॅलरी उघडायला लावली, आणि वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेले एक्स-रे आपोआप डाउनलोड होऊन घरच्यांच्या सहलीच्या फोटोंशेजारी कसे साठतात व तिथून क्लाउड बॅकअपमध्ये कसे जातात, हे ज्याने त्याने स्वतःच पाहिले. सीटी फिल्मच्या कोपऱ्यात छापलेले नाव, वय आणि तारीख अनेकांनी झाकलेली नव्हती.

नाव झाकले की काम झाले, हा समजही त्यांनी नेमका खोडला. ‘काल रात्री घोडबंदर रस्त्यावरील अपघातातून आलेला तरुण’ एवढेच लिहिले, तरी सकाळची बातमी वाचलेल्या ठाणेकराला रुग्ण ओळखता येतो. रुग्णांच्या फ्रेंड रिक्वेस्टचा विषय मात्र घाईत उरकला.

उत्तरार्धाबाबत माझी तक्रार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2023 चे विनियम, ज्यांत समाजमाध्यमांवरील वर्तनाचे स्वतंत्र प्रकरण होते, ते लागू असल्याप्रमाणे शिकवले गेले. वास्तविक 2 ऑगस्टला अधिसूचित झालेले हे विनियम त्याच महिन्याच्या 23 तारखेला स्थगित झाले आणि भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 चे विनियम पुन्हा लागू झाले. त्यातील कलम 7.17 रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याची छायाचित्रे वा केस रिपोर्ट परवानगीशिवाय नियतकालिकांत छापण्यास मनाई करते, परंतु ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही असेही म्हणते. ही सवलत रील्सच्या आधीच्या काळातील आहे, आणि नवे डॉक्टर नेमका तिचाच आधार घेतात. एवढ्या महत्त्वाच्या मुद्द्यावर चर्चाच झाली नाही, हे मला खटकले. (अनुयायी कसे वाढवावेत, यावर मात्र बराच वेळ गेला.)

तरीही इंटर्नना पूर्वार्धासाठी अवश्य पाठवावे, असे माझे मत आहे. आयोजकांनी पुढील वेळी कायद्याचा भाग वैद्यकीय कायद्याच्या जाणकाराकडे सोपवावा आणि छायाचित्रासाठीच्या संमतिपत्राचा नमुना मराठी व हिंदीतही द्यावा, कारण आम्हाला मिळालेला इंग्रजी नमुना आमच्या ओपीडीतील बहुसंख्य रुग्णांना वाचताच येणार नाही.